खेळण्यांचा पट आणि सफाईचा निकष : घरगुती स्टॉप मोशन लघुपटाच्या मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना

कथानक, अभिनय, छायालेखन, संकलन असे घटक वेगवेगळे करून चित्रपटाची समीक्षा करण्याची पद्धत मराठीत रूढ आहे. ही पद्धत खेळण्यांच्या लघुपटापाशी आली की अडखळते. तेथे नट प्लॅस्टिकचा असतो, त्याच्या चेहऱ्यावरील भाव कारखान्यात एकदाच छापलेला असतो आणि त्याचे प्रत्येक पाऊल चौकटीबाहेरच्या हाताने उचलून ठेवलेले असते. अशा कृतीत अभिनय कोणाचा मानावा, असा साधा प्रश्नही समीक्षकाला निरुत्तर करतो.

हा प्रश्न आता केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही. साधा मोबाइल, एक तिकटी आणि घरातील चार खेळणी एवढ्या सामग्रीवर लघुपट तयार होतो. महाविद्यालयीन प्रकल्पांत व महोत्सवांत असा लघुपट समोर आला, तर त्याला गुण कोणत्या आधारे द्यावयाचे? हालचाल जितकी सफाईदार तितकी कृती श्रेष्ठ, हे उत्तर सोयीचे असल्याने सहज स्वीकारले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. खेळण्याच्या अंगी असलेल्या असमर्थतेला त्या पटाने कोणता अर्थ मिळवून दिला, हे पाहिल्याखेरीज अशा लघुपटाचे मूल्य ठरविता येत नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. संज्ञा आणि व्याप्ती

स्टॉप मोशनची क्रिया मुळात सोपी आहे. वस्तूचे एक छायाचित्र घ्यावयाचे, वस्तू किंचित सरकवावयाची, पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे. ही छायाचित्रे क्रमाने वेगात दाखविली की वस्तू स्वतःहून हलल्याचा आभास होतो. चित्रपटाचा प्रचलित वेग सेकंदाला २४ चौकटींचा आहे. प्रत्येक छायाचित्र दोन चौकटींपुरते वापरले तर सेकंदाला १२ छायाचित्रे लागतात. म्हणजे एका मिनिटासाठी ७२० आणि पाच मिनिटांच्या लघुपटासाठी ३,६०० वेळा वस्तूला हात लावावा लागतो. घरगुती निर्मितीतील श्रमाचे स्वरूप या साध्या हिशेबातून स्पष्ट होते.

या तंत्राचे अनेक प्रकार आहेत. बाहुलीपटातील बाहुली चित्रपटासाठीच घडविली जाते. तिच्या आत सांधे असलेला धातूचा सांगाडा किंवा तार बसविलेली असते आणि गरजेनुसार तिचे चेहरेही बदलता येतात. मातीच्या आकृतीला हवा तो आकार देता येतो. खेळण्याचे तसे नाही. खेळणे चित्रपटाच्या आधीपासून अस्तित्वात असते. ते कोणीतरी विकलेले, कोणीतरी विकत घेतलेले आणि बहुधा कोणीतरी खेळून झिजविलेले असते. त्याचे सांधे, त्याचा चेहरा आणि पुष्कळदा त्याची गोष्टसुद्धा उत्पादकाने आधीच ठरवून दिलेली असते. बाहुलीपटाचा कर्ता आपले पात्र निर्माण करतो. खेळण्याच्या पटाचा कर्ता आयते पात्र स्वीकारतो. या एका भेदातून पुढील सर्व प्रश्न उद्भवतात.

अॅनिमेशनसाठी मराठीत ‘सचेतनीकरण’ ही संज्ञा वापरली जाते. अचेतनाला चेतना देणे हा तिचा अर्थ चित्रांच्या पटाला चांगला लागू पडतो. खेळण्यांच्या पटाला मात्र तो अर्धाच लागू पडतो. येथे प्रेक्षक हालचाल पाहतो आणि त्याच वेळी ‘हे खेळणे आहे’ हेही विसरत नाही. ही दुहेरी जाणीव टिकली तरच या प्रकाराचा आस्वाद घेता येतो. भातुकलीतील लाकडी ठकीला हातपाय हलविता येत नाहीत. म्हणून खेळणाऱ्या मुलीच्या लेखी तिचे जेवणे, रुसणे, निजणे खोटे ठरत नाही. मुलगी ठकीचे लाकूडपण जाणते आणि तरीही तिला भरवते. खेळण्याचा पट प्रेक्षकाकडून हीच वृत्ती मागतो.

२. घरातून निघालेली परंपरा

खेळण्यांचे पट हा अलीकडच्या तंत्रज्ञानाचा परिणाम आहे, असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतील व्हायटाग्राफ कंपनीचे अल्बर्ट स्मिथ आणि जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांनी स्मिथच्या मुलीच्या खेळण्यातील सर्कस घेऊन ‘द हम्प्टी डम्प्टी सर्कस’ हा पट केल्याचे सांगितले जाते. त्याचे साल १८९८ असे दिले जात असले तरी ते सर्व इतिहासकारांना मान्य नाही आणि तो पट आज उपलब्ध नाही. इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर यांनी १९०८ मध्ये ‘ड्रीम्स ऑफ टॉयलंड’ हा पट केला. दुकानातून खेळणी घेऊन आलेला मुलगा झोपी जातो आणि त्याच्या स्वप्नात खेळण्यांचे गाव जागे होते, एवढेच त्याचे कथानक. खेळण्यांना हालचाल द्यावयाची तर ती स्वप्नाच्या आडोशाने द्यावी, असा संकोच त्यात दिसतो.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रात आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळविण्यापूर्वी ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा पट केला. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे ठरावीक अंतराने चित्रण करून रोपाची अनेक दिवसांची वाढ त्यांनी अल्पावधीत दाखविली. येथे वस्तू सरकविण्याचे काम निसर्गाने केले. चौकट-चौकट टिपण्याचे तत्त्व मात्र स्टॉप मोशनचेच होते. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या पटात आगकाड्यांना हालचाल दिली. आगकाडी हे खेळणे नव्हे. पण चेहरा नाही, सांधा नाही आणि घराघरांत सहज सापडते, या तिन्ही बाबतींत ती खेळण्याच्या पटातील पात्रांची जवळची नातलग आहे.

फाळक्यांच्या निर्मितीचे घरगुती स्वरूपही विचारात घ्यावयास हवे. कच्च्या फिल्मला कडेने छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या राहत्या घरी होत आणि त्यांत सरस्वतीबाईंचा प्रत्यक्ष सहभाग असे. आपल्याकडील चित्रपटाच्या आरंभीच ‘घर’ आणि ‘निर्मितीगृह’ या गोष्टी वेगळ्या नव्हत्या. असे असूनही ‘आगकाड्यांची मौज’चा उल्लेख बहुधा एक गंमत म्हणून एका वाक्यात उरकला जातो. पौराणिक पट ही कला आणि आगकाड्यांचा पट ही करमणूक, अशी ही विभागणी आहे. घरगुती लघुपटाकडे पाहण्याच्या आजच्या दृष्टीचे मूळ तीत शोधता येते.

३. मोजके सांधे आणि न बदलणारा चेहरा

घरगुती पटांत जगभर सर्वाधिक वापरली जाणारी खेळणी म्हणजे डॅनिश कंपनी लेगोच्या छोट्या मानवाकृती. त्यांचे आजचे परिचित रूप १९७८ मध्ये आले. त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, डेन्मार्कमधील दोन मुलांनी आठ मिलिमीटर फिल्मवर लेगोच्या ठोकळ्यांचा चंद्रप्रवासाचा लघुपट तयार केला होता. त्या अर्थी, आज प्रमाणभूत झालेल्या आकृतीच्या आधीपासून हा प्रकार घरात रुजला होता.

या आकृतीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मान, दोन खांदे, दोन मनगटे आणि दोन पाय असे तिचे सात भाग हलतात. तिला कोपर नाही, गुडघा नाही, कंबरेत वळण्याची सोय नाही. त्यामुळे ती चालते तेव्हा दोन्ही पाय ताठ ठेवून कात्रीप्रमाणे चालते. गुडघे टेकून क्षमा मागणे तिला शक्य नाही. दोन आकृतींना एकमेकींना मिठी मारता येत नाही. त्या फक्त एकमेकींसमोर हात पुढे करून उभ्या राहू शकतात. अशा पात्रांकडून मानवी हालचालीची हुबेहूब नक्कल करून घेऊ पाहणारा पट अपुराच ठरतो. उलट, मिठी मारता न येणाऱ्या दोन पात्रांच्या भेटीचा प्रसंग तो रचीत असेल, तर सांध्यांचा अभावच त्या प्रसंगाचा आशय होऊ शकतो.

चेहऱ्याबाबतही असेच म्हणता येईल. १९८९ पर्यंत या आकृतींचा चेहरा एकच होता : दोन ठिपके आणि एक स्मितरेषा. घर कोसळले तरी स्मित तेच आणि मित्र दुरावला तरी तेच. ही उणीव वाटते खरी. परंतु रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला प्रयोग आठवला की तिचे दुसरे अंग ध्यानात येते. नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्याला वेगवेगळ्या दृश्यांची जोड दिली असता प्रेक्षक त्यावर वेगवेगळे भाव वाचतो, असे त्या प्रयोगाचे तात्पर्य सांगितले जाते. न बदलणारा चेहरा अर्थ देण्याची जबाबदारी संकलन, कोन, प्रकाश आणि आवाज यांच्यावर टाकतो. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा चेहराही स्थिरच असतो आणि त्यावरील भाव गाणाऱ्याच्या सुरातून उमटतो. म्हणून खेळण्याच्या पटात चेहरा बोलत नाही ही तक्रार करण्यापूर्वी, चेहऱ्याऐवजी काय बोलते, हे तपासणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

अमेरिकन दिग्दर्शक टॉड हेन्स यांचा ‘सुपरस्टार : द कॅरन कार्पेंटर स्टोरी’ (१९८७) हा ४३ मिनिटांचा पट याचा टोकाचा दाखला आहे. त्यातील बार्बी पद्धतीच्या बाहुल्या मुख्यतः हाताने हलविलेल्या असल्याने तो काटेकोर अर्थाने स्टॉप मोशन नव्हे; परंतु आयत्या खेळण्याचा विचार त्यास वगळून पुरा होत नाही. उपासमारीच्या मनोविकारातून १९८३ मध्ये मृत्यू पावलेल्या गायिकेची कथा त्यात बाहुल्यांकरवी सांगितली आहे. नायिकेचे शरीर खंगत जाते हे दाखविण्यासाठी बाहुलीचा चेहरा व हात तासले गेले. शरीराच्या अशक्य प्रमाणांचा आदर्श म्हणून विकली जाणारी वस्तूच त्या आदर्शाच्या बळीची भूमिका करते. हे नटीला साधले नसते. ते बाहुलीलाच साधते, कारण तिचा बाजारातील पूर्वेतिहास प्रेक्षक सोबत घेऊन आलेला असतो. गाण्यांच्या हक्कांवरून झालेल्या खटल्यानंतर १९९० मध्ये या पटाचे अधिकृत प्रदर्शन थांबले.

४. श्रमाच्या खुणा आणि निष्काळजीपणा

‘ड्रीम्स ऑफ टॉयलंड’चे चित्रण उघड्यावर, सूर्यप्रकाशात झाले. खेळण्यांची काही क्षणांची धावपळ टिपावयास बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात सूर्य सरकला. परिणामी पडद्यावर खेळण्यांच्या सावल्या भराभर फिरतात. कथेचा काळ क्षणांचा आणि सावलीचा काळ प्रहरांचा, असे दोन काळ एकाच चौकटीत नांदतात. घरात खिडकीजवळ केलेल्या आजच्या लघुपटांतही हेच घडते : पात्र टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालते आणि तेवढ्यात सकाळची दुपार होते.

अशा खुणांना दोष म्हणावे की गुण? दोन्ही टोकांची उत्तरे घाईची आहेत. घरगुती म्हणून प्रत्येक त्रुटीचे कौतुक करणे ही समीक्षा नव्हे, तो लाड आहे. मोबाइलची स्वयंचलित प्रकाशयोजना व केंद्रण बंद न केल्यामुळे चित्र लुकलुकत असेल, तिकटीला धक्का लागून सारे गाव मधेच उडी घेत असेल, पाय चिकटवून न घेतल्याने पात्र दर क्षणी डुगडुगत असेल, तर तो निष्काळजीपणाच होय. पडदा ओढून दिव्याच्या प्रकाशात काम करणे, पायाखाली चिकणमातीची गोळी लावणे, मागील छायाचित्राची पुसट प्रतिमा पाहून पुढील हालचाल मोजणे, हे उपाय घरातही करता येतात. परंतु कथेत दिवस सरण्याला अर्थ असेल आणि कर्त्याने खिडकीची सावली जाणीवपूर्वक फिरू दिली असेल, तर तीच खूण रचनेचा भाग होते. भेद खुणेत नसतो. ती खूण उर्वरित पटाशी कोणते नाते जोडते, यात असतो. हे नाते शोधण्यासाठी कृती संपूर्ण वाचावी लागते. सफाईचा निकष या वाचनाची गरजच संपवून टाकतो, ही त्यावरील मुख्य हरकत आहे.

५. मर्यादेतून घडलेले विश्व : ‘पानिक ओ व्हिलाज’

हालचालीची सफाई नाकारूनही दीर्घ व समर्थ कृती होऊ शकते काय, याचे उत्तर बेल्जियमचे स्टेफान ओबिए आणि व्हँसाँ पातार यांच्या ‘पानिक ओ व्हिलाज’ या २००९ च्या, ७५ मिनिटांच्या चित्रपटात मिळते. त्याच नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेतून तो पुढे आला आणि कान महोत्सवात दाखविला गेला. काउबॉय, इंडियन आणि घोडा ही त्याची तीन प्रमुख पात्रे म्हणजे जुन्या पद्धतीची स्वस्त प्लॅस्टिकची खेळणी आहेत. काउबॉय आणि इंडियन यांच्या पायांखाली त्यांना उभे ठेवणारी बैठकही तशीच आहे.

ही बैठक काढून टाकणे दिग्दर्शकांना सहज शक्य होते. ती ठेवल्यामुळे पात्रांना चालता येत नाही, त्यांना उड्या मारीतच जावे लागते. हालचालीसाठी एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पवित्र्यांतील आकृती आलटून पालटून ठेवलेल्या आहेत. त्यामुळे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची मधली पायरी दिसतच नाही. या तुटकपणाशी कथानकाची गती जुळते. घोड्याच्या वाढदिवसासाठी विटांची शेगडी बांधावयाची म्हणून ५० विटा मागविल्या जातात आणि चुकीने पाच कोटी विटा येऊन पडतात. घर कोसळते, नव्या भिंती चोरीला जातात, चोरांच्या मागे पृथ्वीच्या पोटात उतरावे लागते. कारण आणि परिणाम यांच्यामधली पायरी कथेतही गळालेली आहे. पात्रांना थांबून विचार करता येत नाही, कारण त्यांच्या शरीरातच ‘मधली अवस्था’ नाही. शरीराची मर्यादा हाच येथे स्वभाव झाला आणि स्वभावातून कथा निघाली. या पटाला नितळ हालचाल दिली असती तर त्याचा विनोद टिकला नसता.

आणखी एक बाब लक्षणीय आहे. काउबॉय आणि इंडियन यांच्या बाजारी खेळात वैर ठरलेले असते. या पटात ते एका घोड्याच्या घरात राहणारे दोन उपद्व्यापी सोबती आहेत आणि घरातील शहाणे माणूस घोडा आहे. खेळण्याबरोबर आलेली गोष्ट नाकारून त्याच खेळण्यातून वेगळे नाते उभे केले आहे.

६. उद्योगाने केलेले घराचे अनुकरण

२०१४ मधील ‘द लेगो मूव्ही’ हा फिल लॉर्ड आणि ख्रिस्तोफर मिलर यांचा चित्रपट प्रामुख्याने संगणकावर तयार झाला. संगणकात आकृतीला गुडघे देणे अवघड नव्हते. तरीही खऱ्या खेळण्याला जमतील तेवढ्याच हालचाली पात्रांना देण्यात आल्या. पाणी, धूर आणि आगही ठोकळ्यांचीच दाखविली. प्लॅस्टिकवरील ओरखडे, बोटांचे ठसे, जुन्या अंतराळवीराच्या शिरस्त्राणाला नेमक्या जागी गेलेला तडा हे सारे परिश्रमपूर्वक निर्माण करण्यात आले. घरगुती पट ज्या खुणांमुळे कमी प्रतीचा ठरविला जात होता, त्याच खुणा मोठ्या उद्योगाने विश्वसनीयतेचे लक्षण म्हणून उचलल्या.

या घटनेचे दोन अर्थ संभवतात. पहिला असा की, सफाई हा निकष उद्योगाच्या पातळीवरही निर्णायक राहिलेला नाही. ती आता यंत्राकडून सहज मिळते. दुसरा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा आहे. चित्रपटाच्या अखेरीस कळते की ही कथा तळघरात खेळणारा एक मुलगा रचीत आहे आणि त्याच्या वडिलांना सर्व ठोकळे गोंदाने कायमचे चिकटवून टाकावयाचे आहेत. मुक्त खेळाची बाजू घेणारा हा संदेश खेळणी विकणाऱ्या कंपनीच्याच नावाने येतो. घरातील खेळाचे स्वातंत्र्य हे येथे विक्रीचे आवाहनही झाले आहे. अशा वेळी घरगुती लघुपटाकडे उद्योगापासून वेगळे असे काय उरते? ओरखडे उरत नाहीत, कारण त्यांची नक्कल झाली. आयत्या पात्राला त्याच्या आयत्या गोष्टीतून बाहेर काढण्याची मोकळीक मात्र उरते, कारण तिची नक्कल विक्रेत्याला एका मर्यादेपलीकडे परवडणारी नसते.

७. मूल्यमापनासाठी चार प्रश्न

उपरोक्त विवेचनाच्या आधारे, विद्यार्थ्यांच्या लघुपटाचे परीक्षण करताना पुढील प्रश्न उपयुक्त ठरतील.

(१) खेळण्याला जे करता येत नाही, त्याचे पटाने काय केले? ते लपविले, दुर्लक्षिले की आशयाचा भाग केले?
(२) चेहरा बदलत नसताना भाव कोठून निर्माण झाला? संकलन, अंतर, प्रकाश, ध्वनी यांपैकी कशाने ते काम केले?
(३) चित्रणातील श्रमाच्या खुणा उर्वरित रचनेशी जुळतात काय? त्या निवडलेल्या आहेत की राहून गेल्या आहेत?
(४) खेळण्याबरोबर आलेली गोष्ट पटाने तशीच वाचून दाखविली की तिच्याशी वाद घातला?

उदाहरणादाखल दिवाळीतील किल्ल्याचा विचार करता येईल. किल्ल्यावर मांडलेल्या मावळ्यांना सांधे नसतात. भालदाराचा भाला कायम उभा आणि तलवार उगारणाऱ्याचा हात कायम वर. एखाद्या विद्यार्थ्याने संगणकाच्या साहाय्याने या हातांना हालचाल देऊन लढाई दाखविली, तर सफाईचा निकष त्याला भरघोस गुण देईल. दुसऱ्याने हात तसेच ठेवले आणि दिवाळी संपल्यावर, लढाई नसताना, उगारलेला हात खाली घेता न येणाऱ्या मावळ्याची गोष्ट सांगितली, तर वरील चार प्रश्न दुसऱ्या कृतीकडे अधिक लक्ष वेधतील. पहिली कृती निकृष्ट आहे असे नव्हे. परंतु तिने खेळण्याविषयी विचार केलेला नाही आणि दुसरीने केला आहे, हा फरक गुणपत्रिकेत उमटला पाहिजे.

निष्कर्ष

खेळण्याचा घरगुती स्टॉप मोशन लघुपट ही मोठ्या चित्रपटाची अर्धवट जमलेली प्रतिकृती नसून आयत्या, असमर्थ आणि बाजारातून आलेल्या पात्राशी केलेला व्यवहार आहे. त्याची परंपरा चित्रपटकलेच्या आरंभापर्यंत जाते आणि तिचा एक धागा फाळक्यांच्या आगकाड्यांशी जुळतो. ‘पानिक ओ व्हिलाज’सारखी कृती दाखवून देते की मर्यादेचा स्वीकार हा तडजोडीचा मार्ग असेलच असे नाही, त्यातून स्वतंत्र विश्व घडू शकते. ‘द लेगो मूव्ही’ने मर्यादेच्या बाह्य खुणा यंत्राने निर्माण करता येतात हे सिद्ध केले आणि त्यामुळे परीक्षकाची जबाबदारी वाढली. खुणा पाहून कृतीला घरगुती म्हणून सवलत देणे किंवा त्या नाहीत म्हणून तिला उत्तम ठरविणे, हे दोन्ही मार्ग आता बंद झाले आहेत.

सफाई मोजणे सोपे आहे आणि गुणांच्या तक्त्यात ती सहज बसते. विद्यार्थी मात्र परीक्षक जे मोजतो तेच शिकतो. महाविद्यालयातून केवळ सफाईला गुण मिळत राहिले, तर ३,६०० वेळा एका वस्तूला हात लावूनही विद्यार्थी तिच्याकडे एकदाही नीट पाहणार नाही. तसे होऊ नये, यासाठी निकषांची फेरमांडणी हे समीक्षेचे तातडीचे काम आहे.